पांच मुखें, एक कंठ

गेल्या दिवाळींत पुतण्यानें आमच्या दिवाणखान्यांत छोटेखानी चित्रपटगृह थाटलें: समोर तीन स्पीकर, मागें दोन आणि एक सबवूफर. पडद्याच्या उजव्या-डाव्या बाजूंचे स्पीकर घरांत होतेच. मधला तेवढा निराळ्या घराण्याचा, स्वस्त मिळाला म्हणून आला. चार दिवसांनीं वहिनी येईनाशा झाल्या. विचारतां म्हणाल्या, "भावोजी, पात्रें काय बोलतात तेंच उमगत नाहीं. कान गेले माझे." त्यांना कोपऱ्यांतून उठवून मधोमध बसविलें, तों बरेंच कळूं लागलें! तेव्हां दोष कानांचा नव्हता.

वाचकहो, एकच षड्ज तंबोऱ्यावर छेडा आणि पेटीवर धरा; उंची तीच, तरी वाद्य ओळखूं येतें. मूळ नादांत मिसळणाऱ्या उपनादांचें प्रमाण निराळें असतें. संगीतशास्त्र यासच नादाची जाति म्हणतें. स्पीकरलाही अशी जाति असते. पडद्यावर टांगा डावीकडून उजवीकडे धांवला कीं त्याचा आवाज समोरच्या तिन्ही स्पीकरांतून सरकतो. मधला विजातीय असला, तर वाटेंत टांगाच बदलल्यासारखा भासतो. शिवाय बहुतेक संवाद मधल्याच्याच मुखीं असतात. आमचा मधला आडवा होता. त्याच्या दोन वूफरांचे आवाज कोपऱ्यांत मागेंपुढें पोंचून परस्परांस कांहीं अंशीं मारीत. स्वर उरत, व्यंजनें हरवत.

म्हणून पुढचे तिन्ही स्पीकर एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेंतील घ्यावे. तिन्ही तंतोतंत सारखे व उभे असल्यास उत्तमच. मागचे दोन सजातीय असावे हें बरें, तरी त्यांस थोडी सवलत आहे. कारण पाठीमागून येणाऱ्या ध्वनीचा रंग बाह्यकर्णाची घडणच पालटते. सुमारें 80 हर्ट्झखालील गंभीर नाद वाहणाऱ्या सबवूफरला तर ही सोयरीक लागूच नाहीं.

परीक्षा सोपी आहे. रिसीव्हरमधील चांचणीचा खळखळाट प्रत्येक स्पीकरांतून आळीपाळीनें फिरवावा. आधीं सर्वांची पातळी आसनापाशीं 75 डेसिबल करावी. कारण मोठा आवाज उगाच गोड वाटतो. मग डोळे मिटून ऐकावें: एक सळसळतो, दुसरा घुमतो, तर जाति भिन्न समजावी. रिसीव्हर माइकनें मापून कांहीं दुरुस्ती करतो. परंतु स्पीकरचा आवाज बाजूंस कसा पसरतो, हें त्याच्या हातीं नसतें.

पुतण्यानें अखेर बाजूंच्या स्पीकरांच्याच मालिकेंतील एक आणून मध्यें उभा केला. त्या रात्रीं वहिनी आपल्या कोपऱ्यांतच बसल्या आणि चित्रपट संपेपर्यंत "काय म्हणाला तो?" असें त्यांना एकदांही विचारावें लागलें नाहीं. वडीलधाऱ्यांच्या कानांस बोल लावण्यापूर्वीं मधल्या स्पीकरचे बोल तेवढे तपासून पाहावे, इतकीच विनंती.