ब्रह्मचारी तांबेरा: जबलपूरच्या गव्हाचा मागोवा

१८३० च्या सुमारास नर्मदेच्या खोऱ्यात गव्हावर तांबेरा हा बुरशीचा रोग असा पडला, की मैलोगणती उभं पीक कापायच्याही लायकीचं उरलं नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ओळखला जाणारा विल्यम स्लीमन तेव्हा जबलपूर भागात होता. १८४४ मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकात त्याने या रोगाबरोबर लोकांची मतंही टिपली आहेत. कोणी गोहत्येला दोष देत होतं, कोणी वाढलेल्या व्यभिचाराला. दुसऱ्या आरोपातली गंमत कळायला पुढची शंभर वर्षं लागली. माणसांचं काहीही असो, जबलपूरच्या शिवारात ही बुरशी स्वतः मात्र ब्रह्मचारीच राहते.

तिचा संसार असतो तो दुसरीकडे. काळ्या तांबेऱ्याला आयुष्याचं चक्र पुरं करायला दोन वनस्पती लागतात, हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६५ च्या सुमारास दाखवून दिलं: एक गहू आणि दुसरं बार्बेरी, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या कुळातलं काटेरी झुडूप. गव्हावर तांबडी भुकटी उडते ती नुसत्या नकला काढणाऱ्या बीजाणूंची. पीक पिकत आलं की ताटांवर काळे बीजाणू धरतात आणि त्यांच्यात दोन केंद्रकं एक होतात. त्यांच्यापासून पुढे निघणारे सूक्ष्म बीजाणू गव्हाला लागतच नाहीत, त्यांना बार्बेरीचं पान हवं. त्या पानावर काय घडतं ते १९२७ मध्ये कॅनडात शास्त्रज्ञ क्रेगी यांनी उलगडलं. बुरशी पानावर गोड थेंब काढते, माश्या ते एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेतात आणि विरुद्ध प्रकारांचा मिलाफ होतो. मधमाशी आणि फुलाचं नातं एका रोगाने उचललेलं पाहून कुणाचीही मती गुंग व्हावी.

अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटायची मोहीमच काढली. मग भारतातही तेच करायचं का?

उत्तर शोधलं आग्रा कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी. हिमालयात बार्बेरीच्या जाती आहेत, पण गव्हाच्या तांबेऱ्याच्या वार्षिक फेऱ्यात त्यांचा वाटा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मैदानातल्या उन्हाळ्यात तांबडे बीजाणू मरून जातात. रोग तग धरतो तो थंड डोंगरांत, तिथल्या बिगरहंगामी आणि आपोआप उगवलेल्या गव्हावर. मेहतांचा पहिला मोठा प्रबंध १९४० मध्ये आला. दुसरा छापून आला १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

मधल्या काळात, १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची जबर साथ आली. नुकसानीचा अंदाज २० लाख टनांचा सांगितला जातो. जबलपूरच्या हवेली भागात पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी साठवायचं, ते काढून टाकून गहू पेरायचा, ही जुनी रीत. त्या ओलीवर गहू छान येतो, मात्र त्यात मावठ आणि ढगाळ दिवसांची भर पडली की बुरशीचंही फावतं.

पण दर वर्षी या रोगाचं बी इथे आणतं कोण? १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान-उपग्रहांची चित्रं तपासून याचा छडा लावला. नोव्हेंबरच्या आसपास समुद्रात चक्रीवादळ ठरावीक मार्गाने सरकलं, तर निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवरले बीजाणू वाऱ्याबरोबर मध्य भारतात येतात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. जबलपुरात १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा हे कोडं अजून सुटायचं होतं.

ब्रह्मचारी बुरशी म्हणजे निरुपद्रवी बुरशी, असा सोयीचा अर्थ काढायचा मोह होतो. लैंगिक मिलाफ नसला की बुरशीच्या नव्या प्रकारांची जुळवाजुळव मंदावते, हे खरं. पण उत्परिवर्तन थांबत नाही, आणि चोरवाटाही असतात. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या ‘युजी ९९’ या प्रकाराने जगभरच्या गव्हाला राखणारं ‘एसआर ३१’ हे जनुक निकामी केलं. २०१९ मध्ये कळलं, की हा प्रकार बार्बेरीच्या पानावर जन्मलेलाच नाही. दोन तांबेऱ्यांचे तंतू एकमेकांना भिडले, त्यांनी केंद्रकांची अदलाबदल केली आणि लैंगिक चक्राला फाटा देऊन नवा प्रकार तयार झाला. तो पुढे इराणपर्यंत पोचला, म्हणून भारतीय गव्हाचे वाण केनियातल्या न्जोरोच्या शेतांत मुद्दाम त्याच्यासमोर उभे करून पारखले जातात.