घराच्या खांबाला वाळवी? आधी ओळखा, मगच औषध ओता

पालघर : पहिला पाऊस झाला की रात्री दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी ओट्यावर नुसता पंखांचा सडा दिसतो. ही वाळवीची नवी जोडपी. पंख गळाले की ती ओल्या मातीत शिरून नवं वारूळ सुरू करतात. पंखांचा ढीग घरातच, चौकटीपाशी किंवा खांबाच्या बुडाशी सापडला, तर वाळवी घरात आधीच असण्याची शक्यता मोठी.

बोईसर-तारापूरच्या चाळीत ती दाराची चौकट आणि भिंतीतलं कपाट खाते. जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या पाड्यांवर खांब, वासे आणि कुडाच्या काठ्या खाते. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. अशा ठिकाणी आतून पोकळ झालेल्या खांबाचा काही भरवसा नाही.

कोणता किडा आहे?

लोक वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हे, झुरळाच्या नात्यातली. भिंतीवर किंवा खांबावर मातीची नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. बारीक छिद्रं आणि खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर तो लाकूड-बांबूतला भुंगा. काळे मुंगळे लाकूड खात नाहीत. ओल्या, कुजक्या लाकडात पोखरून राहतात आणि जाडसर भुसा बाहेर टाकतात. तिथे आधी छपराची गळती थांबवावी.

मातीची नळी थोडी फोडून ठेवा. एक-दोन दिवसांत ती पुन्हा बांधली गेली तर वाळवी चालू आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खांब ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आधी टेकू द्या आणि खांब बदला. औषधाने वाळवी मरते, गेलेली ताकद परत येत नाही.

औषध कसं?

रॉकेल किंवा जळकं ऑइल वरवरच्या किड्यांना मारतं. जमिनीतली राणी अंडी घालतच राहते. शिवाय रॉकेलने आगीचा धोका. गॅमॅक्सिन पावडर मागू नका, बीएचसीवर देशात १९९७ पासून बंदी आहे.

क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी वाळवीसाठी वापरतात. १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण. डब्यावर इमारतीतल्या वाळवीसाठी वापर लिहिलेला आहे ना, ते आधी वाचा. लादी असलेल्या घरात भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण एक-एक फुटावर मातीपर्यंत भोकं पाडून द्रावण सोडतात आणि भोकं सिमेंटने बुजवतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर जिथे मुलं बसतात, जेवण होतं, तिथे हे विष ओतू नये. बाहेरून भिंतीलगत चर खणून द्यावं.

विहीर, बोअर, ओढा, खाडीजवळ वापर नको. मासे याने लगेच मरतात. हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. रिकामा डबा पाण्याला वापरू नये. कुणाच्या पोटात औषध गेलं तर उलटी करवू नका. डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा, गाडीसाठी १०८ ला फोन करा.

पुन्हा येऊ नये म्हणून

सरपण, पेंढा, जुन्या फळ्या भिंतीला लावून ठेवू नका. नवा खांब मातीत पुरण्यापेक्षा दगडी तळखड्यावर उभा करा. बांबू वापरण्याआधी काही आठवडे पाण्यात भिजवण्याची जुनी रीत चांगली, भुंग्याला लागणारा गोडवा त्यातून निघून जातो.

आणि सगळ्यात आधी कागदपत्रं. सातबारा, वनहक्काचा पट्टा, जातीचा दाखला, रेशनकार्ड लाकडी पेटीत भिंतीशी ठेवलेलं असेल तर आजच काढा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, विटांवर उंच ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. खांब बदलता येतो, पण दाखल्यासाठी तालुक्याला किती खेपा पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.