जुन्या घडीच्या चाकूंचा संग्रह

ज्याचे पाते मुठीतील खाचेत मिटवून ठेवता येते आणि जो खिशात बाळगता येतो, अशा लहान चाकूला घडीचा चाकू म्हणतात. असे जुने चाकू शोधणे, त्यांचा काळ व कारखाना ओळखणे आणि ते मूळ स्थितीत जतन करणे हा नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्या संग्रहासारखा एक अभ्यासपूर्ण छंद आहे. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिका या देशांत तो विशेष रूढ आहे. संग्राहकांच्या दृष्टीने जुन्या चाकूचे मोल त्याच्या चकाकीवर ठरत नाही. पात्यावरील ठसा, मुठीचे साहित्य, खिळे, स्प्रिंग आणि पात्याची मूळ रुंदी हे पुरावे किती अबाधित राहिले आहेत, यावर ते अवलंबून असते.

इतिहास

ऑस्ट्रियातील हालष्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू हा ज्ञात घडीच्या चाकूंपैकी सर्वांत जुन्यांत गणला जातो. त्याचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० असा मानतात. रोमन काळातही मिटणारे चाकू वापरात होते. चाकू, चमचा, काटा व इतर अवजारे एकत्र असलेले एक रोमन साधन केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर चौदाव्या शतकापासून चाकूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांच्या संघाला १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. कारागिरांची चिन्हे नोंदवणे व त्यांचे रक्षण करणे हे या संघाचे एक प्रमुख काम होते. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे एकजिनसी व कठीण पोलाद मिळू लागले आणि शेफील्डच्या पात्यांचा दर्जा उंचावला. तारा व माल्टीज क्रॉस हे चिन्ह वापरणारी जोसेफ रॉजर्स अँड सन्स आणि ‘आय एक्स एल’ हे चिन्ह वापरणारी जॉर्ज वोस्टनहोम या तेथील सर्वांत नामांकित कंपन्या होत. रॉजर्स कंपनीने १८२२ मध्ये १८२२ पाती असलेला ‘इयर नाइफ’ तयार केला, तर १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी ७५ पाती व अवजारे असलेला ‘नॉरफोक नाइफ’ बनवला.

लहान घडीच्या चाकूला इंग्रजीत मिळालेले ‘पेननाइफ’ हे नाव पिसाची लेखणी तासण्याच्या कामावरून आले आहे. बोरू तासण्याच्या चाकूसाठी वापरला जाणारा फारसीतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्दही त्याच कामाचा निदर्शक आहे.

जर्मनीतील झोलिंगन आणि फ्रान्समधील तिएर ही युरोपातील अन्य मोठी केंद्रे आहेत. फ्रान्समधील लागिओल गावाच्या नावाने ओळखला जाणारा चाकू एकोणिसाव्या शतकात विकसित झाला. सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा साधा, स्वस्त चाकू बनवला. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर याने १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवण्यास आरंभ केला आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या बहुउपयोगी चाकूची नोंदणी केली.

कारागीर

पात्यावर बहुधा कंपनीचे नाव असते, चाकू बनवणाऱ्याचे नसते. शेफील्डमध्ये घडाई, घासाई आणि जोडणी ही कामे वेगवेगळे कारागीर करीत. त्यांपैकी अनेक जण भाड्याच्या लहान जागेत स्वतंत्रपणे काम करीत व मोठ्या कंपन्यांना माल पुरवीत. अशा स्वतंत्र कारागिरांना तेथील बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणत. वालुकाश्माच्या चाकावर पाती घासणाऱ्यांच्या फुप्फुसात दगडाची व धातूची धूळ जात असे. त्यातून होणारा आजार ‘ग्राइंडर्स अॅस्थमा’ या नावाने ओळखला जाई आणि त्यामुळे अनेक कामगार अकाली मरण पावत. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हे या परंपरेतील अखेरच्या नामवंत कारागिरांपैकी एक होते.

रचना

घडीच्या चाकूत पाते, पाठीकडील स्प्रिंग, आतील धातूचे अस्तर आणि मुठीच्या बाहेरील पट्ट्या हे मुख्य भाग असतात. मुठीच्या टोकांवर बळकटीसाठी बसवलेल्या धातूच्या भागाला बोल्स्टर म्हणतात. अस्तर बहुधा पितळेचे असते. बोल्स्टर अनेकदा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचा असतो; नावात चांदी असली तरी या धातूत ती नसते. पात्यावर नखाने उघडण्यासाठी खाच असते. पात्याच्या बुडाशी, धार संपते तेथील सपाट भागावर, कारखान्याचा ठसा मारलेला असतो. सुस्थितीतील चाकूचे पाते उघडताना व मिटताना स्प्रिंगचा ताण जाणवतो आणि ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो.

मुठीसाठी हाड, शिंग, हस्तिदंत, शिंपला, कासवाची पाठ आणि आबनूस लाकूड वापरले जाई. भारतातून जाणाऱ्या सांबरशिंगाला शेफील्डमध्ये मोठी मागणी होती. हे शिंग महाग असल्याने हाडावर खाचा पाडून व रंग देऊन त्याची नक्कल करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे ही खाचांची नक्षीच अमेरिकी चाकूंची ओळख बनली.

कालनिश्चिती

चाकूचा काळ ठरवताना एकाच खुणेवर विसंबून न राहता अनेक खुणांचा मेळ घालतात.

* राजचिन्हाची अक्षरे: शेफील्डच्या पात्यांवर ‘व्ही आर’ ही अक्षरे असल्यास चाकू व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) असू शकतो. ‘जी आर’ ही अक्षरे मात्र १८३० पूर्वीच्या आणि १९१० नंतरच्या अशा दोन्ही काळांतील जॉर्ज राजांसाठी वापरली गेल्याने त्यांवरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही.
* देशाचे नाव: अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. इतरत्र विकल्या गेलेल्या चाकूंवर हे नाव नसले, तरी तेवढ्यावरून ते अधिक जुने ठरत नाहीत.
* धातू: शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले. अशा पोलादाचे पाते त्यानंतरचेच असते.
* हॉलमार्क: फळे कापण्याच्या चाकूंची पाती चांदीची असत, कारण फळांतील आम्लाने पोलाद डागाळते. ब्रिटिश चांदीवरील वर्षदर्शक अक्षरामुळे अशा चाकूचे वर्ष निश्चित करता येते.
* कंपनीच्या खुणा: अमेरिकेतील केस कंपनीने १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके देण्यास सुरुवात केली व दरवर्षी एक ठिपका कमी केला. ओपिनेल चाकूवरील पाते अडकवणारे कडे १९५५ पासूनचे आहे.

मूळपणा आणि बनावट

एकोणिसाव्या शतकातही प्रसिद्ध ठशांची नक्कल होत असे. परदेशी मालावर शेफील्डचे नाव घालण्याच्या प्रकारांमुळे ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये व्यापारचिन्हविषयक कायदा झाला. झोलिंगन या नावालाही जर्मनीत १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले.

आज आढळणारी फसवणूक बहुधा दुरुस्तीच्या रूपात असते. मोडके पाते काढून दुसऱ्या चाकूचे पाते बसवणे, नव्या चाकूवर जुना ठसा उमटवणे किंवा मुठीच्या पट्ट्या बदलणे हे त्याचे प्रकार आहेत. जुन्या मुठीवरील नवे चकचकीत खिळे, खाचेत नीट न बसणारे पाते आणि आजूबाजूचा पृष्ठभाग घासल्याने पातळ झालेले बूड या संशयाच्या जागा होत. वारंवार धार लावल्याने पाते अरुंद होते. त्यामुळे जुन्या विक्रीपत्रकांतील चित्रांशी त्याची तुलना करून झीज किती झाली, हे ठरवतात.

जतन

अतिस्वच्छता हे या संग्रहातील सर्वांत मोठे नुकसान मानले जाते. पोलादावर कालांतराने येणारी करडी छटा निरुपद्रवी असून ती राखली जाते. लाल गंज मात्र वाढत जातो, म्हणून तो हलक्या हाताने तेल लावून काढतात. यंत्रावर पाते घासून चमकवल्यास ठशाच्या कडा व मूळ घासाईच्या रेषा नष्ट होतात आणि त्या पुन्हा निर्माण करता येत नाहीत. चामड्याच्या पिशवीत दीर्घकाळ ठेवल्यास पात्याला गंज व पितळेला हिरवा कळंक चढतो. सेल्युलॉइडच्या मुठी जुन्या झाल्यावर विघटित होतात. त्यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी शेजारचे चाकूही गंजतात. हा पदार्थ ज्वलनशील असल्याने असे चाकू हवेशीर जागी वेगळे ठेवतात.

कायदेशीर बाबी

हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ च्या निर्णयाने बंदी आली. ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्यानुसार हस्तिदंती मुठीचे जुने चाकू विकण्यासही मर्यादा आहेत. भारतात वन्यप्राण्यांच्या अवयवांपासून बनलेल्या वस्तूंना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. चाकू बाळगण्याचे नियम देशागणिक भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धार असलेला, उघडल्यावर न अडकणारा घडीचा चाकू सामान्यतः सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो.

संग्रहालये

शेफील्डच्या केलम आयलंड संग्रहालयातील हॉली संग्रहात चाकूंबरोबरच ते बनवण्याची हत्यारे व अर्धवट घडवलेले भागही जपले आहेत. त्यामुळे घडाईपासून जोडणीपर्यंतचे टप्पे अभ्यासता येतात. झोलिंगन येथील जर्मन पाते संग्रहालय आणि तिएर येथील चाकू संग्रहालय हीदेखील या विषयाची महत्त्वाची केंद्रे आहेत.