पैलवानाचा कान का मोडतो?

कोल्हापूरच्या तालमीत मुरलेला पैलवान कानावरूनच ओळखू येतो. जाड, गोळा झालेला, घड्या बुजलेला कान. हा एका डावाचा प्रताप नव्हे. रोजच्या लढतीत डोक्याला डोकं भिडतं, मानेवर पकड बसते आणि कान घासून, चुरगळून निघतो.

बाहेरच्या कानात हाड नसतं, लवचीक कूर्चा असते. तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. वरच्या पातळ आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते. घासून घासून हे आवरण ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखं सुटतं आणि मधल्या पोकळीत रक्त साचतं. कूर्चेची रसद तुटते, ती मरू लागते. सुटलेलं आवरण आपल्या परीने डागडुजी करतं, पण ओबडधोबड: नवी कूर्चा, चिवट तंतू, जागा मिळेल तिथे. सरावात खंड नाही, त्यामुळे हेच पुन्हा पुन्हा. शेवटी कान कायमचा कडक होतो.

तालमीत याला दागिना मानतात, मानोत बापडे. पण सूज ताजी आणि मऊ असते तोवर, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच, डॉक्टरांकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घ्यावी. घरी सुई टोचू नका, जंतुसंसर्ग झाला तर उरलेली कूर्चाही जाते.