यंत्राच्या हाती यंत्र देताना

करावे गावातल्या एका आजींचा नातू इंग्लंडला नोकरी करतो. सुट्टीत येताना त्याने आजीसाठी तिकडचे ग्लुकोमीटर आणले. एका संध्याकाळी आजींची सून घाईघाईने माझ्याकडे आली. ‘‘डॉक्टर, सासूबाईंची साखर पार पंधरावर आलीय. दोन चमचे साखर पाण्यातून दिली, तरी आकडा सतराच!’’

जाऊन पाहिले तर आजींना घाम नव्हता, हात थरथरत नव्हते. तहान मात्र सारखी लागत होती. यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एकक होते : मिलिमोल प्रतिलिटर. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. म्हणजे आजींची साखर १५ नव्हे, २७० होती. यंत्र अगदी बरोबर होते. चुकले ते आकड्याचा अर्थ लावण्यात.

नातवाचा पुढचा बेत ऐकून मी सावध झालो. आजीचे ग्लुकोमीटर, बीपीचे यंत्र आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सगळे एका एआय एजंटच्या ताब्यात द्यायचे त्याने ठरवले आहे.

चॅटबॉट प्रश्नाला उत्तर देतो. एजंट त्यापुढे जाऊन काम करतो. त्याच्या हाती एक साधन दिलेले असते. जोडलेली यंत्रे कोणती, कुठले चालू आहे, कुठल्याची बॅटरी संपत आली, हे त्यातून कळते. काही साधनांतून यंत्राची सेटिंगही बदलता येते. कुठली आज्ञा कधी वापरायची, हे एजंट ठरवतो ते मुख्यतः साधनासोबतच्या लेखी माहितीवरून. त्यामुळे ती माहिती कशी लिहिली आहे, हा आता आरोग्याचाही प्रश्न झाला आहे.

वॉर्डमधल्या जुन्या सिस्टरना मॅन्युअल लागत नाही. ऑक्सिमीटरवर आकडा दिसला नाही, तर त्या आधी रुग्णाचे बोट पाहतात. चिमटा निसटलेला असतो. ‘आकडा मिळाला नाही’ आणि ‘आकडा शून्य आहे’ यांतला फरक त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. एजंटला तो लिहूनच द्यावा लागतो. नाहीतर तो मोकळी जागा अंदाजाने भरतो, आणि तेही ठाम भाषेत. ‘रिसेट’ हा साधा शब्द घ्या. त्याने फक्त अलार्म थांबतो, की सगळी सेटिंग पुसली जाऊन यंत्र कारखान्यातून आले तसे होते? सलाइनच्या पंपाबाबत या दोन अर्थांत जीव जाऊ शकतो.

असे घडलेले आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली. त्यांतले काही दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता आणि किरण रोखणारे यांत्रिक अडसर काढून टाकलेले होते. पण टेक्सासमध्ये १९८६ मध्ये पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी सूचना आली, तेव्हा तिचा अर्थ चालकाच्या मॅन्युअलमध्ये नव्हता. अशा सूचना रोजच येत. एक कळ दाबून पुढे जायची सवय झाली होती. तशीच कळ दाबली गेली आणि रुग्णाला दुसरा झटका बसला. तिथे निदान माणूस होता, कधीतरी थांबणारा. एजंट न थकता कळ दाबत राहील.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आले आहे. उपकरणामुळे इजा झाली तर नोंदवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. ही चौकट चांगलीच आहे. पण रोजची सुरक्षितता ठरते ती यंत्राजवळच्या कागदावर.

अशा साधनाच्या माहितीत पाच गोष्टी हव्यातच. प्रत्येक आकड्याचे एकक. कुठली आज्ञा फक्त वाचते आणि कुठली यंत्रात बदल करते. बदल करण्याआधी कोणत्या माणसाची परवानगी घ्यायची. यंत्राने उत्तर दिले नाही तर काय समजायचे आणि किती वेळा प्रयत्न करून थांबायचे. आणि शेवटी, केलेल्या प्रत्येक कृतीची वेळेसह नोंद कुठे राहते. लिहून झाल्यावर ते पान नव्या इंटर्नला वाचायला द्यावे. त्याने जिथे ‘म्हणजे काय?’ विचारले, तिथे एजंटही अडखळणार असे समजावे. फरक इतकाच की एजंट कदाचित विचारणारच नाही. म्हणून नुसत्या सूचनेवरही विसंबू नये. जे बदलायचे नाही, त्याचा अधिकारच त्याला देऊ नये.

नातवाला मी तेच सांगितले. आकडे वाचायला, नोंदवायला, औषधाची आठवण करायला एजंट खुशाल ठेव. ऑक्सिजनचा प्रवाह आणि इन्सुलिनचा डोस मात्र माणसाकडेच राहू दे. घरी रुग्णाला घाम सुटला, थरथर झाली, भान हरपतेय असे वाटले, तर कुठल्याही पडद्यावर विसंबून न राहता लगेच साखर तपासा. तपासता येत नसेल आणि रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर साखर द्या आणि डॉक्टरांना फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करा.

आजींच्या ग्लुकोमीटरवर आता चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे. त्यावर सुनेने ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘इंग्लंडचा आकडा. १८ ने गुणा.’ नातू एजंटसाठी जे पान लिहील, त्याची पहिली ओळ हीच असायला हवी.