तेल सांडले, शेअर पडला; घ्यायचा का?

शनिवार, २९ मे २०१०. मेक्सिकोच्या आखातात, समुद्राच्या पृष्ठभागाखाली दीड किलोमीटरवर फुटलेल्या विहिरीत बीपी ही ब्रिटिश कंपनी तीन दिवस जड चिखल जोराने ढकलत होती. चिखलाच्या वजनाखाली तेल दबेल आणि विहीर गप्प होईल, असा हिशेब होता. गुरुवारी हा उपाय लागू पडतो आहे अशी कुणकुण लागली आणि लंडनमध्ये बीपीचा भाव चढला. शनिवारी कंपनीने उपाय फसल्याचे जाहीर केले. सोमवारी लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे सुट्टी. मंगळवारी, १ जूनला लंडनचा बाजार उघडला आणि त्या एका दिवसात शेअर १३ टक्क्यांनी कोसळला. आठवडाअखेरीस ‘आता तळ लागला’ असे समजून शेअर धरून बसलेल्यांना मधल्या काळात विकून बाहेर पडायची सोयही नव्हती.

मोठी तेलगळती झाली की त्या कंपनीचा शेअर स्वस्तात घ्यावा का, हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारला जातो आणि उत्तर शोधणारे बहुतेक जण आधी भावाचा आलेख उघडतात. बीपीचे प्रकरण बारकाईने पाहिले तर आलेख सर्वांत शेवटी उघडावा असे वाटू लागते.

२० एप्रिल २०१० च्या रात्री ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि मकोंडो विहिरीतून तेल ८७ दिवस समुद्रात जात राहिले. अपघाताआधी बीपीचा शेअर ६५५ पेन्सच्या आसपास होता. जूनच्या अखेरीस तो ३०० च्या घरात आला. सुमारे शंभर अब्ज डॉलरचे बाजारमूल्य दोन महिन्यांत नाहीसे झाले. ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्या लाभांशापोटी जेवढे पैसे वाटत, त्यातल्या दर सात पौंडांमागे साधारण एक पौंड एकट्या बीपीचा असे. पेन्शन फंडांची भिस्त त्यावर होती. १६ जूनला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्याशी बैठक झाली आणि कंपनीने नुकसानभरपाईसाठी २० अब्ज डॉलरचा निधी वेगळा काढायचे मान्य केले. त्याबरोबर तीन तिमाह्यांचा लाभांशही गेला.

याच वेळी खरेदीचा मोह सर्वांत जास्त होता, आणि त्यामागचे गणित वरवर पाहता चोख होते. २००९ साली कंपनीने १६ अब्ज डॉलरहून अधिक नफा कमावला होता. म्हणजे २० अब्जांचा निधी ही जेमतेम सव्वा वर्षाची कमाई. बाजाराने मात्र शंभर अब्ज कापून घेतले होते. घबराट ओसरली की भाव वर येणारच, असे वाटणे स्वाभाविक होते.

पण २० अब्ज ही बिलाची केवळ पहिली ओळ होती. पुढच्या ओळी किती, हे एका आकड्यावर ठरणार होते: रोज किती तेल बाहेर पडते आहे? अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यात दंड पिंपामागे मोजला जातो. साधी चूक असेल तर पिंपाला ११०० डॉलरपर्यंत, घोर निष्काळजीपणा ठरला तर ४३०० पर्यंत. एका पिंपात साधारण १५९ लिटर तेल मावते. सुरुवातीचे कित्येक दिवस ‘रोज पाच हजार पिंपे’ हा आकडा सांगितला जात होता. पुढे शास्त्रज्ञांच्या सरकारी गटाने विहिरीचा प्रवाह सुरुवातीला रोज ६० हजार पिंपांच्या आसपास असल्याचा अंदाज दिला. बारापट! तळाच्या कॅमेऱ्यातले तपकिरी लोट मे महिन्याच्या उत्तरार्धात जगाला थेट दिसू लागले, तेव्हा घरबसल्या पाहणाऱ्यांनाही पाच हजारांचा आकडा पटेना.

या आकड्याचा संबंध थेट गुंतवणूकदारांशी होता. अमेरिकेचा रोखे बाजार नियामक, म्हणजे आपल्या सेबीसारखी तिथली संस्था, या मुद्द्यावर कंपनीच्या मागे लागला. गळतीचा वेग कमी सांगून भागधारकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०१२ मध्ये बीपीने ५२.५ कोटी डॉलर भरायचे मान्य केले. ज्यांनी मे महिन्याच्या आरंभी ‘कंपनी सांगते त्यापेक्षा फार वाईट नसेल’ असे धरून पैसे घातले, त्यांच्यापुढचा मुख्य आकडाच खोटा होता. अशा काळात आलेखावर रेघा ओढून काय हाती लागणार?

बिल पुढे वाढतच गेले. २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला आणि ६७ टक्के दोष बीपीच्या माथी मारला. समुद्रात गेलेले तेल न्यायालयाने ३१.९ लाख पिंपे धरले. २०१५ मध्ये केंद्र सरकार आणि पाच राज्यांशी २०.८ अब्ज डॉलरची तडजोड झाली. २०१८ पर्यंत एकूण खर्च ६५ अब्ज डॉलरवर गेला, आणि त्या तडजोडीचे हप्ते २०३० च्या दशकापर्यंत चालणार आहेत. हे पैसे उभे करायला कंपनीने पहिल्या तीन-चार वर्षांत सुमारे ३८ अब्ज डॉलरची मालमत्ता विकली. वाचलेली कंपनी तीच होती, पण पूर्वीएवढी उरली नव्हती.

मग खरेदी करणाऱ्यांचे काय झाले? जूनच्या शेवटच्या दिवसांत ज्याने नेम साधला, त्याला आठ महिन्यांत ४८० पेन्सच्या वरचा भाव मिळाला. हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मे महिन्याच्या पूर्वार्धात साडेपाचशेच्या आसपास ‘स्वस्त’ समजून घेणाऱ्याला तो भाव पुन्हा दिसायला २०१८ उजाडले. लाभांश २०११ च्या फेब्रुवारीत परत सुरू झाला तो आधीच्या १४ सेंटऐवजी ७ सेंटने. त्यातून २०२० साली करोनाने तेलाची मागणी आटवली आणि शेअर २०१० च्या तळाच्याही खाली गेला. रिगची मालक असलेल्या ट्रान्सओशनची गत याहून वाईट. तिचा शेअर अपघाताआधी ९० डॉलरच्या आसपास होता. २०२० मध्ये तो एका डॉलरच्याही खाली गेला. त्याला तेलबाजारातली मंदीही कारणीभूत होती, पण तळाला घेतला की फायदा ठरलेलाच, हे म्हणणे तिथे पार फसले.

एक्सॉनचे उदाहरण याच्या उलट म्हणून पुढे केले जाते. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे जहाज अलास्कात ब्लाय खडकावर चढले आणि सुमारे १.१ कोटी गॅलन तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये सांडले. शेअरला फारशी झळ बसली नाही. कारण जहाजात किती तेल आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. नुकसानीला वरची मर्यादा होती, फुटलेल्या विहिरीला ती नसते. दुसरे कारण मनाला लागणारे आहे. ज्युरीने १९९४ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंडात्मक मोबदला ठरवला. कंपनी अपिलांवर अपिले करत राहिली आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ५०.७५ कोटींवर आणला. अपघातापासून १९ वर्षे गेली. दरम्यान तिथली हेरिंग मासेमारी १९९३ मध्ये कोसळली ती सावरली नाही, आणि दावा लावणारे अनेक मच्छीमार निकाल पाहायला जिवंत नव्हते. भागधारकाचा तोटा वाचला, कारण तो दुसऱ्या कोणीतरी सोसला.

हाच धागा भारतात आणला तर प्रश्न अधिक टोकदार होतो. आसामात तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान इथे ऑइल इंडियाची विहीर २७ मे २०२० रोजी उसळली. ९ जूनला तिने पेट घेतला. अग्निशमन दलाचे दोन जण दगावले, मागुरी-मोटापुंग बील या पाणथळ जागेच्या काठची हजारो माणसे छावण्यांत गेली. विहीर शांत झाली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. राष्ट्रीय हरित लवादाने सुरुवातीला भरायला सांगितले ते २५ कोटी रुपये. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा हजार कोटींच्या वर होता. असा दंड शेअरला जाणवतही नाही. मात्र म्हणून भारतीय तेल कंपन्यांचे शेअर अपघातानंतर बिनधोक आहेत असे धरणाऱ्याने १९८६ चा एम. सी. मेहता खटला वाचावा. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असते आणि कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाई मोठी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगून ठेवले आहे. तो निकाल एखादे न्यायालय पूर्ण ताकदीने लावील तेव्हा आजचे हिशेब कोलमडतील, आणि तसे व्हावे असेच पोळलेल्या गावांच्या बाजूने पाहणाऱ्याला वाटेल.

राहिला प्रश्न आधी काय दिसते याचा. बीपीच्या बाबतीत पुष्कळ दिसत होते. मार्च २००५ मध्ये तिच्या टेक्सास सिटी रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण मेले. मार्च २००६ मध्ये अलास्कातल्या प्रुडो बे इथली गंजलेली वाहिनी फुटली. जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जानेवारी २००७ मध्ये लिहिले की कंपनी कामगारांच्या वैयक्तिक दुखापतींचे प्रमाण पाहून समाधान मानते आणि यंत्रणेच्या सुरक्षेकडे तिचे पुरेसे लक्ष नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे मकोंडोच्या सहा महिने आधी, टेक्सास सिटीतल्या त्रुटी दूर न केल्याबद्दल अमेरिकी कामगार सुरक्षा विभागाने ८.७ कोटी डॉलरचा तोवरचा सर्वांत मोठा दंड जाहीर केला. हे सगळे उघड होते, कोणालाही वाचता येत होते. वार्षिक अहवालातला ताळेबंद उत्तम होता म्हणून कोणी वाचले नाही.

आज भारतातल्या पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमाने व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात अपघात आणि मृत्यू यांचा तक्ता असतो. ओएनजीसी असो वा रिलायन्स, तेल-वायूतला शेअर पोर्टफोलिओत असलेल्याने, आणि अपघातानंतर तो घ्यायला निघालेल्याने तर नक्कीच, ते पान उघडावे. पाहताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, दुखापतीचे आकडे शून्याजवळ असले तरी हुरळून जाऊ नये: २० एप्रिलला बीपीचे अधिकारी डीपवॉटर होरायझनवर आले होते, ते कामाचे दिवस बुडवणारा एकही अपघात न होता सात वर्षे गेली म्हणून कौतुक करायला. दुसरी, कायम नोकरांचा रकाना आणि कंत्राटी कामगारांचा रकाना वेगवेगळे वाचावेत. त्या रात्री मेलेल्या ११ जणांपैकी नऊ ट्रान्सओशनचे होते, दोन एम-आय स्वॅको या कंत्राटदाराचे. बीपीच्या पगारपत्रकावर त्यांतला एकही नव्हता.