पांढऱ्या पेशीनं किती जंतू खाल्ले?

गुडघा खरचटला आणि जखम नीट धुतली नाही, तर दोन-तीन दिवसांत तिथे पिवळट पू होतो. तो बघून नाक मुरडू नका बरं! त्या पुवात तुमच्यासाठी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात, ढीगभर. जंतू समोर आला की या पेशी त्याला वेढतात आणि चक्क गिळून टाकतात. एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

मग प्रश्न आला, की या पेशी जंतू एकट्यानंच खातात की त्यांना कुणाची मदत लागते?

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये आल्मरॉथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी १९०३ साली याचा छडा लावला. (हे राइट १८९८ मध्ये प्लेगची चौकशी करणाऱ्या आयोगाबरोबर भारतातही येऊन गेले होते.) रक्त गोठलं की वर पिवळसर, नितळ पाणी सुटतं. त्याला म्हणतात सीरम. राइट आणि डग्लस यांनी पांढऱ्या पेशी धुऊन सीरमपासून वेगळ्या केल्या आणि त्यांच्यापुढे जंतू ठेवले. पेशींनी ते जवळजवळ खाल्लेच नाहीत! सीरम घातल्यावर मात्र भराभर फस्त केले.

त्यांचा प्रयोग कसा चालायचा, ते ऐका. काचेची नळी ज्योतीवर तापवून ओढायची, म्हणजे ती केसासारखी बारीक होते. तिच्यावर एक खूण करायची. मागच्या टोकाला रबरी टोपण. त्या खुणेपर्यंत पांढऱ्या पेशी ओढून घ्यायच्या, मग हवेचा छोटा बुडबुडा, मग तेवढेच जंतू, पुन्हा बुडबुडा, मग तेवढंच सीरम. सगळं काचपट्टीवर सोडून नीट कालवायचं, पुन्हा नळीत घ्यायचं, टोक बंद करायचं आणि ३७ अंशांच्या उबेत ठेवायचं. आपल्या अंगात असते तेवढीच ऊब! साधारण १५ मिनिटांनी थेंब काचेवर पसरून रंगवायचा आणि एकेका पेशीच्या पोटात किती ठिपके दिसतात ते मोजत बसायचं.

समजा, निरोगी माणसाचं सीरम घातलं तेव्हा प्रत्येक पेशीनं सरासरी ४ जंतू खाल्ले आणि आजाऱ्याचं घातलं तेव्हा २. मग आजाऱ्याचा आकडा २ भागिले ४, म्हणजे ०.५. पेशी त्याच, जंतू तेच, वेळ तेवढाच. बदललं ते फक्त सीरम. म्हणून फरक पडला तो सीरममुळेच, असं छातीठोकपणे सांगता येतं. मला या प्रयोगातलं सगळ्यात हेच आवडतं.

पण सीरम नेमकं करतं काय? पेशींना भूक आणतं की जंतूंना काही करतं? सीरम ६० अंशांपर्यंत तापवलं की त्याचा गुण बराचसा जातो, हे दोघांना कळलं होतं. म्हणून त्यांनी आधी जंतू ताज्या सीरममध्ये ठेवले, मग ते मिश्रण तापवलं आणि त्यानंतर पेशी घातल्या. तरी पेशींनी जंतू खाल्लेच! म्हणजे सीरमचं काम आधीच उरकलं होतं आणि ते जंतूंवरच झालं होतं. किती हुशारीनं उत्तर काढलं, बघा!

आज आपल्याला ठाऊक आहे, की सीरममधली प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जंतूला चिकटतात. न्युमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूभोवती शर्करेचं बुळबुळीत आवरण असतं. तो ओल्या साबणासारखा पेशीच्या हातून निसटतो. प्रतिपिंडं चिकटली की पेशीला पकड मिळते.

राइट यांची मोजणी फार किचकट होती, दोघांनी मोजलं तर आकडे जुळायचे नाहीत. शिवाय गिळलेला जंतू मेलाच असेल असं थोडंच आहे? म्हणून आताची चाचणी उरलेले जिवंत जंतू मोजते. छोट्या वाट्यांच्या ताटलीत सीरम दर वाटीत निम्मं पातळ करत नेतात. त्यात जंतू, भक्षक पेशी आणि सशाच्या पिल्लाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट घालतात. मग प्रत्येक वाटीतला थेंब आगर नावाच्या जेलीच्या थरावर सोडून रात्रभर उबेत ठेवतात. जगलेल्या जंतूपासून डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका वाढतो. सीरम नसलेल्या वाटीच्या निम्मेच ठिपके जिथे उरतात, तिथे सीरम किती पातळ होतं ते पाहायचं. जितकं जास्त पातळ, तितकं सीरम दमदार!

नव्या लसीच्या परीक्षेत ही चाचणी फार मोलाची, कारण लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं नुसती असून भागत नाही, ती कामाला यावी लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं न्यूमोकोकसच्या दहा प्रकारांविरुद्ध ‘न्यूमोसिल’ ही लस बनवली. आफ्रिकेतल्या गांबियात ती बाळांना देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या सीरमची अशी चाचणीही झाली. २०२० च्या डिसेंबरात ती भारतात आली.

घरात तान्हं भावंड असेल, तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘पीसीव्ही’ ही अक्षरं शोधा. ती न्यूमोकोकसचीच लस. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते : सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. एखादा डोस राहिला असेल, तर आईबाबांना आजच सांगा.